बर्फ नसलेली हिमनदी बघायला



गेल्या महिन्यात आपल्या कार्यक्रमाच्या लोकांबरोबर चहा पिताना मी सहज बोलून गेले, की नाताळच्या सुटीत मी आणि माझा मुलगा मोटरसायकलवरून हिमनदी बघून आलो. सगळ्यांनी एकदम विचारलं, "न्यूझीलंडला गेला होतात?" म्हटलं, नाही, मेलबर्नहून अ‍ॅडलेडकडे. "पण तिकडे कुठे हिमनदी आहे?" म्हटलं, नाही. आता नाही. त्यावर मला सांगण्यात आलं की हे आता माइकसमोरच येऊन सांगा. म्हणून आज आले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर आज एकही हिमनदी नाही. कोशियस्को हा इथला सगळ्यात उंच डोंगर, २,२२८ मीटर. त्याच्यावर थंडीत बर्फ पडतो आणि उन्हाळ्यात जातो. ऑस्ट्रेलियाच्या मालकीच्या जिवंत हिमनद्या बघायच्या असतील तर हर्ड बेटावर जावं लागतं. ते पर्थपासून नैर्ऋत्येला सुमारे ४,००० किलोमीटरवर, भर समुद्रात आहे. तिथला मॉसन पीक २,७४५ मीटर, म्हणजे कोशियस्कोपेक्षाही उंच. तिथे वस्ती नाही, रस्ता नाही. मोटरसायकलचा तर प्रश्नच नाही.

माझ्या मुलाला खरं तर न्यूझीलंडलाच जायचं होतं. तो पंधरा वर्षांचा आहे. शाळेत हवामानबदलावर एक प्रकल्प केला होता, तेव्हापासून त्याच्या डोक्यात फ्रान्झ जोसेफ हिमनदी बसली होती. तिथे पूर्वी दरीतून चालत जाऊन थेट बर्फावर पाय ठेवता यायचा. हिमनदी मागे सरकली, तिचं तोंड धोक्याचं झालं, आणि २०१२पासून ते बंद झालं. आता बर्फावर उतरायचं तर हेलिकॉप्टर. त्याचे दर आणि आमच्या घराच्या कर्जाचा वाढलेला हप्ता मी शेजारी शेजारी लिहून त्याला दाखवले. तो काही बोलला नाही. रात्री मात्र म्हणाला, "आई, मी कमवायला लागेपर्यंत ती राहील का?"

ह्याला मी काय उत्तर देणार? पण त्या प्रश्नामुळे मला माझ्या बाबांची राजदूत आठवली.

मी मूळची चंद्रपूरची. बाबा कोळशाच्या खाणीत सर्वे खात्यात होते. मी नऊ वर्षांची असताना दिवाळीच्या सुटीत ते एके दिवशी म्हणाले, "चल, तुला हिमनदी दाखवतो." चंद्रपूरला! जिथे मे महिन्यात डांबर वितळून चपलेला चिकटतं, तिथे! पण बाबा म्हणाले म्हणजे असणारच. मी स्वेटर घातला, माकडटोपी घातली, आणि धाकट्या भावासाठी बर्फ आणायला स्टीलचा डबा घेतला. आई हसत होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

राजदूतवर मागे बसून आम्ही घुग्घुसच्या पुढे, पैनगंगेच्या काठी इरई गावाकडे गेलो. पावसाळ्याचं पाणी उतरलं होतं. बाबांनी मला नदीतल्या एका सपाट, गुळगुळीत चुनखडीच्या खडकापाशी नेलं आणि म्हणाले, "ही." खडकावर लांबच लांब ओरखडे होते, एकाच दिशेने गेलेले. बर्फ नाही, काही नाही. मी डबा आपटला आणि भोकाड पसरलं.

"काहून रडून राहिली माय?" बाबा म्हणाले. "बर्फ गेला. हे त्याचे ओरखडे आहेत."

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मला तेव्हा काही कळलं नाही. आज सांगते. हिमनदी म्हणजे स्वतःच्या वजनाने हळूहळू सरकणारा बर्फ. सरकताना तिच्या तळाशी दगडगोटे गोठून अडकतात आणि ते खालच्या खडकाला घासत जातात. तुम्ही पाट्याला टाकी लावताना पाहिलं असेल, तर तो खरखरीत पाटा डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे टाकी मारणारा हात नाही, वरून शेकडो मीटर जाडीचा बर्फ दाबतो आहे आणि तो एकाच दिशेने चालला आहे. त्यामुळे ओरखडे समांतर उमटतात. आणि पुढे बर्फ वितळला की त्याने वाहून आणलेले लहानमोठे दगड, माती, सगळं एकत्र तिथेच पडतं. नदी दगड निवडते, मोठे आधी टाकते, वाळू पुढे नेते. हिमनदी काही निवडत नाही. म्हणून तिचा गाळ ओळखू येतो.

१८५६मध्ये ओडिशातल्या तालचेर भागात भूवैज्ञानिकांना असा गाळ सापडला आणि त्यांनी तो बर्फाचा म्हणून ओळखला. उष्ण हिंदुस्थानात बर्फ कुठून आला, ह्यावर पुष्कळ लोकांचा विश्वास बसेना. मग १८७५मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी आमच्या चांदा जिल्ह्यातल्या ह्या इरईच्या खडकाविषयी लिहिलं. गाळाखाली घासलेला खडक, ओरखड्यांसकट. त्यामुळे बर्फाची बाजू भक्कम झाली.

बाबांना हे पुस्तकातून नव्हतं कळलं, कामातून कळलं होतं. वर्धा खोऱ्यात कोळशाचे थर ज्या खडकात आहेत, त्याच्या खाली तालचेरचा थर असतो. कोळसा शोधायला बोअर मारताना तो दगडगोट्यांचा थर लागला, की त्याच्याखाली कोळसा मिळायचा नाही. "तालचेर लागलं, मशीन बंद करा," हे वाक्य मी लहानपणी घरात इतक्यांदा ऐकलं आहे, की कोणी जेवताना "पुरे" म्हणायच्या ऐवजी "तालचेर लागलं" म्हणायचं.

त्या दिवशी डब्यात मी नदीतला एक गोटा घालून आणला. आणि बाबा परत येताना म्हणाले होते, "अशीच एक जागा ऑस्ट्रेलियात आहे. आपल्याच बर्फाची." नऊ वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ऑस्ट्रेलिया म्हणजे अ‍ॅलन बॉर्डर. ते वाक्य मी विसरून गेले. पुढे लग्न झालं, मेलबर्नला आले, सोळा वर्षं झाली, एकदाही आठवलं नाही. मुलाच्या प्रश्नाने आठवलं.

मी बाबांना फोन केला. "बाबा, ती ऑस्ट्रेलियातली जागा कोणती हो?"

ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली आहे. पण नाव त्यांनी लगेच सांगितलं. "इनमन व्हॅली. सेल्विनचा दगड. जाऊन राहिली का तू?"

मी म्हटलं, "जाते."

तर असं आमचं ठरलं. गाडी माझी साडेसहाशे सीसीची, जुनी घेतलेली. मी रोज ऑफिसला तीच वापरते. मुलाला मागे बसायची सवय आहे. नवऱ्याला सुटी नव्हती, त्याने फक्त एवढंच सांगितलं की दिवेलागणीनंतर चालवायची नाही. कांगारू त्याच वेळेला रस्त्यावर येतात.

आता रस्त्याचं सांगते, कारण तुमच्यापैकी काहीजण नक्की जाल.

पहिला थांबा बॅकस मार्श, मेलबर्नपासून तासाभरावर. चेरीचे दिवस होते, रस्त्याकडेला स्टॉल लागलेले. तिथून जवळच वेरिबी गॉर्ज आहे. आपल्यातले कितीतरी लोक तिथे ट्रेकला जातात, पण त्या घळीत त्याच जुन्या बर्फाचा गाळ उघडा पडला आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं. चिखलाचा घट्ट दगड झालेला आणि त्याच्यात कुठलेही, कसलेही गोटे रोवलेले. बेसनाच्या वडीत कोणीतरी मूठभर खडे टाकावे तसे. मुलगा प्रत्येक गोट्याचा फोटो काढत बसला आणि मी त्याला बसू दिलं. ही माझी चूक.

कारण त्या दिवशी चाळीसचा अंदाज होता. मी सकाळी लवकर निघून दुपारच्या आत नील गाठायचं ठरवलं होतं. घळीतून बाहेर पडेपर्यंत साडेदहा वाजले. मला वाटलं, मी चंद्रपूरची, मला काय उन्हाचं! बॅलराट गेलं, अ‍ॅरॅरटजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरताना दिसल्या, ग्रॅम्पियन्सचे डोंगर डावीकडे राहिले. डॅडस्वेल्स ब्रिजच्या त्या प्रचंड कोआलापाशी पाणी प्यायलो. हॉर्शमच्या पुढे विमेराची सपाट शेती सुरू होते. गव्हाची कापणी झालेली, सगळीकडे पिवळी ताटं आणि सायलो. सावली नाही. आणि मोटरसायकलवर वारा लागतो म्हणून बरं वाटतं, हा गैरसमज आहे. हवा अंगापेक्षा गरम असली की तो वारा थंड करत नाही, भाजतो. घाम येतो तो दिसायच्या आत वाळतो. माणूस आपण सुकत चाललोय हे ओळखतच नाही.

नीलच्या पुढे मला रस्त्याची पांढरी रेघ दोन दिसायला लागली. मी स्वतःला म्हणत होते, अजून थोडं, अजून थोडं. मागून माझ्या हेल्मेटवर टकटक झाली. एकदा, दोनदा, मग जोरात. पोरगा ओरडत होता, "आई, थांब. तू लाइनवर जातेयस."

कानिव्हाला थांबलो. छोटं गाव. एका दुकानाच्या पडवीत मी भिंतीला टेकून बसले. दुकानातल्या बाईंनी न विचारता बर्फाची पिशवी आणून माझ्या मानेवर ठेवली. मुलाने माझं जाकीट काढलं, मला साखरमिठाचं पाणी पाजलं आणि सांगितलं, "आज इथेच राहायचं. मी गाडीवर बसणार नाही." चाळीस वर्षांपूर्वी मी डबा घेऊन बर्फ आणायला गेले होते, आणि खरा बर्फ मिळाला तो असा.

श्रोतेहो, मी हे लपवू शकले असते. पण सांगते आहे, कारण आपल्याकडच्या उन्हाचा आपल्याला अभिमान असतो आणि तो अभिमान गाडीवर कामाचा नाही. चाळीसच्या दिवशी अकरा ते पाच गाडी चालवू नका. चालवावीच लागली तर दर तासाला थांबा, मान आणि मनगटं ओली करा, आणि मागे बसलेल्या माणसाचं ऐका.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. थोड्याच वेळात साउथ ऑस्ट्रेलियाची हद्द आली. घड्याळ अर्धा तास मागे गेलं. टेलम बेंडजवळ मरे नदी दिसली आणि दुपारच्या आत अ‍ॅडलेडला पोचलो. हॉटेलमध्ये फोन चार्जिंगला लावताना मुलगा म्हणाला, "आई, इथल्या राज्यात कोळशावर वीज बनत नाही, माहितेय? २०१६ला पोर्ट ऑगस्टाचं शेवटचं केंद्र बंद झालं." मी म्हटलं, "अरे वा." तेव्हा तो त्याच्या मनात काय घोळवत होता ते माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी हॅलेट कोव्ह. अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला, समुद्रकाठी. ही कौर्ना लोकांची भूमी. घरांच्या रांगा संपतात आणि एकदम कडा लागतो. १८७७मध्ये राल्फ टेट ह्या प्राध्यापकांना ह्या कड्याच्या माथ्यावर ओरखडलेला खडक सापडला. तो अजून तसाच आहे. पायवाटेने चालत जायचं, वाटेत फलक आहेत. फलकावर लिहिलं आहे की हे ओरखडे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे, तेव्हा ऑस्ट्रेलिया गोंडवानाचा भाग होता.

मुलगा म्हणाला, "गोंडवाना हा अ‍ॅबओरिजिनल शब्द आहे का?"

मला इतका आनंद झाला! म्हटलं, नाही रे, हा तुझ्या आजोळचा शब्द आहे. गोंड लोकांचा प्रदेश तो गोंडवन. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. तू जटपुरा गेटातून जातोस ना, तो त्यांच्याच परकोटाचा दरवाजा. १८७०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी आपल्याकडच्या त्या कोळशाच्या आणि तालचेरच्या थरांना गोंडवाना हे नाव दिलं. पुढे ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी भारत, आफ्रिका वगैरे भूभाग एकेकाळी जोडलेले होते असं मांडलं, आणि त्या जुन्या भूमीला गोंडवाना-भूमी म्हटलं. आज ऑस्ट्रेलियाच्या शाळेतली मुलं हा शब्द पाठ करतात. तो कुठून आला ते त्यांना कोणी सांगत नाही. आपण सांगू शकतो.

तेव्हा भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सगळे एकमेकांना लागून होते आणि दक्षिण ध्रुवाकडे होते. त्यांच्यावर बर्फाचे थर पसरले होते. म्हणून पैनगंगेच्या पात्रात ओरखडे आहेत आणि इथेही आहेत. बाबांचं "आपल्याच बर्फाची" हे वाक्य अगदी शब्दशः घेऊ नये. एकच अखंड चादर होती असं नाही. पण काळ तोच, भूमी तीच, थंडी तीच.

अ‍ॅडलेडचेच एक प्रसिद्ध गृहस्थ डग्लस मॉसन. हर्ड बेटावरच्या त्या शिखराला त्यांचंच नाव आहे. ते इथे विद्यापीठात शिकवायचे आणि ह्या राज्यातल्या खडकांमध्ये जुन्या बर्फाच्या खुणा बघायचे. त्यांना वाटलं, खुणा पुष्कळ पाहिल्या, आता अख्ख्या खंडावर पसरलेला जिवंत बर्फ बघायला हवा. म्हणून ते १९०७मध्ये शॅकल्टन यांच्याबरोबर अंटार्क्टिकाला गेले. माझ्या मुलाला हे फार आवडलं. म्हणाला, "म्हणजे आपण योग्य क्रमाने चाललोय. आधी खुणा, मग न्यूझीलंड." मी म्हटलं, हप्ता संपू दे.

तिसऱ्या दिवशी इनमन व्हॅली. व्हिक्टर हार्बरहून यँकलिलाला जाणारा रस्ता आहे, हिरव्या-पिवळ्या टेकड्या, गाई, मधूनमधून गमची झाडं. रस्त्यापासून खाली उतरलं की इनमन नदीच्या पात्रात तो खडक आहे. १८५९मध्ये व्हिक्टोरियाचे सरकारी भूवैज्ञानिक आल्फ्रेड सेल्विन इथून जात होते, तेव्हा त्यांनी हा पाहिला. ऑस्ट्रेलियात पूर्वी कधी हिमनद्या होत्या ह्याची ही पहिली नोंद.

मी खडक पाहिला आणि जागीच उभी राहिले. नदीचं उथळ पाणी, गुळगुळीत खडक, एका दिशेने गेलेले ओरखडे. पैनगंगाच. फक्त राजदूत नव्हती.

दुपारचा एक वाजला होता, म्हणजे चंद्रपूरला सकाळचे आठ. नेटवर्कची एक काडी येत होती. मी बाबांना फोन लावला. व्हिडिओ लावून उपयोग नव्हता, त्यांना दिसत नाही. ते म्हणाले, "हात लाव. आणि सांग."

मी ओणवी होऊन बोटं फिरवली. सांगितलं की बाबा, एका बाजूने हात नेला तर गुळगुळीत लागतो, आडवा नेला तर खाचा लागतात. "किती खोल?" नख जाईल इतक्या काही, काहींत बोट मावतं. "दिशा?" मुलाने फोनवरचं होकायंत्र धरलं आणि सांगितलं, रेघा पश्चिमेच्या अंगाला जातात. "हाव," बाबा म्हणाले, "बर्फ तिकडेच चालला होता." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चांगलं झालं बाई. मला वाटलं होतं, आता राहून गेलं."

मला काही बोलता येईना. मी फोन मुलाच्या हातात दिला. आणि त्याने विचारलं. मी अडवू शकले असते, पण वेळ मिळाला नाही.

"आबा, एक विचारू? तुम्ही कोळसा काढायचा. तो जाळल्यामुळे आता हिमनद्या वितळतात. मग तुम्हाला कसं वाटतं?"

मंडळी, मी त्याच्याकडे डोळे वटारले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभराचं काम, आणि हा प्रश्न. पण फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून बाबा शांतपणे बोलायला लागले. त्यांचे शब्द मला जसे आठवतात तसे सांगते.

"हाव बेटा. कोळसा आम्हीच काढला. तीस वर्षं खाली उतरलो. त्याच्यावर तुझ्या आईची फी भरली, तिचं इंजिनीअरिंग झालं, म्हणून ती तिथे आहे आणि तू तिथे आहेस. चंद्रपूरच्या वीजकेंद्रातून अख्ख्या महाराष्ट्रात दिवे लागले. ते काही वाईट काम नव्हतं. सुरुवातीला आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं की ह्याने हवा तापते. पण नंतर वाचनात आलं. तेव्हा मी नोकरीतच होतो. मी काही सोडली नाही. हेही खरं आहे."

मग म्हणाले, "तू ज्या दगडावर उभा आहेस ना, त्याच्यावरचा बर्फ गेला, मग रानं वाढली, ती दलदलीत गाडली गेली, त्याचा कोळसा झाला. ह्याला किती वर्षं लागली माहीत आहे? कोटींनी. आणि आम्ही तो उकरून जाळला किती वर्षांत? शंभर-दीडशे. घाई झाली, एवढं मला कळतं. पुढचं तुम्ही बघा."

मुलगा गप्प होता. बाबांनीच विचारलं, "आणि तुझी माय ती गाडी कशावर चालवते रे?"

"पेट्रोलवर," मुलगा म्हणाला.

"मग तिलाही विचार," असं म्हणून बाबा जोरात हसले. इतकं मोकळं हसू मी त्यांचं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही पोर्ट एलियटला समुद्रावर बसलो होतो. तिथले ग्रॅनाइटचे मोठमोठे गोल खडक तुम्ही फोटोत पाहिले असतील. ह्याच किनाऱ्यावरच्या ग्रॅनाइटचे तुकडे बर्फाने उचलून पार हॅलेट कोव्हपर्यंत नेऊन टाकले आहेत. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं होतं आबा रागावतील. नाहीतर म्हणतील की आमची काही चूक नाही." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "त्यांनी दोन्ही सांगितलं."

मला स्वतःला त्या संभाषणाने काय दिलं तेही सांगते. इतकी वर्षं मी कोणाला बाबांचं काम सांगताना "सर्वे खात्यात होते" एवढंच सांगायची. कोळसा हा शब्द टाळायची. इथे ऑफिसात तर नक्कीच. ऑस्ट्रेलियात कोळशावर बोलणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर भांडण. हंटर खोऱ्यातला कोळसा आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा चुलतभाऊच आहे. त्याच काळातला, त्याच झाडपाल्याचा. जिभेच्या आकाराच्या पानाची एक वनस्पती, ग्लॉसोप्टेरिस, तिचे ठसे दोन्हीकडे सापडतात. आमच्या घरी बाबांच्या टेबलावर तसा ठसा असलेला दगड कागदांवर ठेवलेला असायचा. आता मी सांगते, माझे बाबा कोळशाच्या खाणीत होते. पुढे काय म्हणायचं ते लोक म्हणोत.

परतीचा प्रवास किनाऱ्याकिनाऱ्याने केला, कूरॉंग आणि माउंट गॅम्बियरवरून. हवा थंड होती, काही घडलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

बाबांसाठी तिथला एखादा गोटा आणावा असं फार मनात होतं. पण अशा जागांवरून दगड उचलायचे नसतात. हॅलेट कोव्ह तर संरक्षित उद्यान आहे, तिथे तो नियमच आहे. मुलाने दुसरी युक्ती केली. त्याने त्या खडकावरच्या एका वीतभर जागेचे फोटो काढले, पट्टीने खाचांची रुंदी आणि त्यांच्यामधलं अंतर मोजून वहीत लिहून घेतलं. शाळा सुरू झाल्यावर सुतारकामाच्या वर्गात एक फळी घेऊन त्याने त्या खाचा तशाच कोरल्या, मापात. एका कडेला बाण कोरला आहे, बर्फाच्या दिशेचा. बाबांना बोटांनी वाचता येईल म्हणून.

ह्या दिवाळीला आम्ही तिघं चंद्रपूरला जाणार आहोत. पैनगंगेचं पाणी उतरलेलं असेल. बाबांना गाडीत बसवून इरईला न्यायचं, पात्रात हात धरून उतरवायचं, एक हात त्या खडकावर आणि एक हात ह्या फळीवर ठेवायचा, असा मुलाचा बेत आहे. मी स्टीलचा डबा घेणार आहे. रिकामाच.

जाता जाता, ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मेलबर्नहून एका दिवसात होण्यासारखं वेरिबी गॉर्ज आहे, त्याला मोटरसायकलही लागत नाही. अ‍ॅडलेडला जाल तेव्हा हॅलेट कोव्हला संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात ओरखडे ठळक दिसतात. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ते दिसतच नाहीत आणि माणूस "काय हे, नुसता दगड" म्हणून परत येतो. इनमनच्या खडकावर पाणी असेल तर घसरतं, बूट चांगले घाला. खडकावर नाव कोरू नका, हे सांगायला नको, तरी सांगते. आणि सोबत घरातलं एखादं मूल न्या. ते आधी रडेल किंवा वैतागेल, की ह्यात बर्फ कुठे आहे. रडू द्या. मीही रडले होते.